संगीतकाराच्या पेल्यातील गोडी

लुडविग फान बीथोव्हेन मार्च १८२७ मध्ये व्हिएन्नात अंथरुणाला खिळला होता. पोटात पाणी साठत होते आणि डॉक्टरांनी ते चार वेळा काढले होते. तशाही अवस्थेत त्याने माइन्झच्या शॉट या आपल्या प्रकाशकांना पत्र पाठवून ऱ्हाइनकाठची वाइन मागवली होती. बाटल्या पोचल्या त्या अगदी शेवटी. त्या पाहून ‘फार उशीर झाला’ अशा अर्थाचे काहीतरी तो पुटपुटला, असे त्याच्या जवळच्यांनी लिहून ठेवले आहे. २६ मार्चला तो गेला. वय ५६. अंत्यदर्शनाला आलेल्या चाहत्यांनी त्याच्या केसांच्या बटा कापून नेल्या. त्या काळी तशी रीतच होती.

त्या केसांकडे आपण पुन्हा येणार आहोत. आधी आजचा एक प्रश्न. साखर नको म्हणून ‘डाएट’ पेये पिणारे पुष्कळ लोक आहेत. दुसऱ्याच एखाद्या पदार्थाने गोड केलेले हे पेय मेंदूला बाधते का, असे वारंवार विचारले जाते. ज्यांचे सगळे काम स्मरणशक्ती, बोटांची किंवा गळ्याची चपळाई आणि नवे सुचणे यांवर चालते, त्या गायक-वादकांच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच टोकदार होतो. प्रश्न नवा वाटतो. पण साखरेवाचून गोड केलेले पेय, ते पिणारा संगीतकार आणि त्याच्या मज्जासंस्थेवर होणारा परिणाम हे त्रिकूट बरेच जुने आहे. त्याची पहिली गोष्ट शिशाची आहे.

शिशाची साखर

वाइन हवेशी संपर्कात राहिली की जिवाणू तिच्यातील अल्कोहोलचे अ‍ॅसिटिक आम्ल करतात आणि ती आंबते. थंड प्रदेशात ज्या वर्षी द्राक्षे पुरती पिकत नाहीत, त्या वर्षीची वाइन तर मुळातच आंबट. युरोपात साखर अनेक शतके चैनीची वस्तू होती. मग गोडी आणायची कशाने? रोमन लोक द्राक्षाचा रस आटवून काकवीसारखा पाक करीत आणि तो वाइनमध्ये घालीत. रस आटवायला शिशाचे भांडे घ्यावे, तांब्या-काशाचे नको, असा सल्ला कोलुमेला या शेतीविषयक लेखकाने दिलेला आहे. तांब्याने चव बिघडते, शिशाने बिघडत नाही. उलट ती सुधारते! रसातील आम्ले शिशाला विरघळवतात आणि जे क्षार तयार होतात त्यांपैकी लेड अ‍ॅसिटेट हा चक्क गोड असतो. ‘शिशाची साखर’ हेच त्याचे जुने नाव. शिवाय तो जिवाणूंनाही मारक. म्हणजे एका चिमटीत गोडीही आली आणि टिकाऊपणाही आला. शाळेच्या प्रयोगशाळेत लेड अ‍ॅसिटेटची बाटली असते. तो चव घेऊन पाहण्याचा पदार्थ नव्हे हे विद्यार्थ्यांना बजावायला हवेच.

हे विष आहे हे कळायला फार वेळ लागला, आणि ते ज्या रीतीने कळले ती रीत या लेखाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. १६९० नंतरच्या काही वर्षांत जर्मनीतील उल्म या शहरात पोटात भयंकर मुरडा, पाठोपाठ हातापायांत लुळेपणा अशा रोगाची साथ आली. शहराचा वैद्य एबरहार्ड गॉकेल हा दोन मठांतील आजारी साधूंवर उपचार करीत होता. त्याच्या लक्षात आले की जे साधू वाइन पीत नाहीत ते ठणठणीत आहेत. मठात सगळे एकाच वेळी उठतात, एकाच स्वयंपाकघरातले खातात, एकाच विहिरीचे पाणी पितात. फरक राहिला तो वाइनचा. गॉकेलने खाणकामगारांना होणाऱ्या अशाच रोगाचे सॅम्युएल स्टॉकहाउझेन याने १६५६ मध्ये केलेले वर्णन वाचले होते. मग त्याने वाइनच्या एका व्यापाऱ्याकडून ‘वाइन सुधारण्याची’ कृती मिळवली. तिच्यात मुरदाडशिंग, म्हणजे शिशाचे पिवळसर ऑक्साइड, होते. ती कृती करून पाहिल्यावर अगदी टाकाऊ आंबट वाइनही मधुर झाली. १६९६ मध्ये व्युर्टेंबर्गचा ड्यूक एबरहार्ड लुडविग याने वाइनमध्ये मुरदाडशिंग घालणाऱ्याला देहदंड जाहीर केला, आणि पुढच्या वर्षी गॉकेलचे पुस्तक आले.

अशीच दुसरी गोष्ट इंग्लंडची. डेव्हन परगण्यात सफरचंदाच्या आसवापासून, म्हणजे सायडरपासून, मुरडा आणि लुळेपणा येई; पण हेरफर्ड, ग्लॉस्टर, वुस्टर या परगण्यांतही सायडर भरपूर पीत असत आणि तिथे हा रोग नव्हता. जॉर्ज बेकर या डॉक्टरने १७६७ मध्ये दाखवले की डेव्हनमध्ये सफरचंदे दाबण्याच्या घाण्यांना शिसे लावलेले असते, इतरत्र नसते. नुसती तुलना करून तो थांबला नाही. डेव्हनच्या सायडरमधून त्याने प्रत्यक्ष शिसे काढून दाखवले आणि हेरफर्डच्या सायडरमध्ये ते सापडत नाही हेही दाखवले. बेकर स्वतः डेव्हनचाच होता. गावकऱ्यांना त्याचे हे संशोधन मुळीच रुचले नाही.

देहदंडाचा कायदा केला तरी शिसे ओळखायचे कसे, हा प्रश्न उरतोच. जुन्या परीक्षेत लोह आणि शिसे यांची गल्लत होई आणि निरपराध व्यापारी अडकण्याची भीती असे. १७८८ च्या सुमारास एका जर्मन डॉक्टरने त्यावर उपाय काढला: वाइन आम्लयुक्त करून तिच्यात हायड्रोजन सल्फाइडचे पाणी घालायचे. आम्लात लोहाचा सल्फाइड खाली बसत नाही, शिशाचा मात्र काळा साका बसतो. हा डॉक्टर म्हणजे सॅम्युएल हानेमान, पुढे होमिओपॅथीमुळे आपल्याकडे घरोघरी माहीत झालेला. क्षारपरीक्षण शिकवताना आपण लेड अ‍ॅसिटेटचा कागद काळा पडतो की नाही यावरून हायड्रोजन सल्फाइड ओळखायला लावतो. ती हीच अभिक्रिया. हानेमानने ती उलट दिशेने वापरली इतकेच.

संगीतकार या कथेत कुठे येतात? सर्वांत प्रसिद्ध नावांपैकी एक हॅन्डेलचे. १७३७ मध्ये त्याच्या उजव्या हाताची बोटे लुळी पडली. तो आखेनच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर गेला, बरा होऊन आला आणि १७४१ मध्ये त्याने ‘मसाया’ हे प्रचंड काम चोवीस दिवसांत लिहून काढले. खाण्यापिण्याचा त्याला शौक होता. हाताचा लुळेपणा हे शिशाच्या विषबाधेचे नेहमीचे लक्षण असल्यामुळे काही अभ्यासकांनी बोट वाइनकडे दाखवले आहे. हा तर्क आहे, आणि तो तर्कच राहू द्यावा. लुळेपणाला इतर कारणेही असतात.

दुसरे उदाहरण अफवेचे आहे. १७६१ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन याने काचेचे वाडगे एका दांड्यावर ओवून ओल्या बोटांनी वाजवायचे एक वाद्य तयार केले. त्याचा सूर फार हळवा. मोत्सार्टने १७९१ मध्ये मारियाने किर्शगेसनर या अंध वादिकेसाठी त्यावर एक रचना केली. पुढे हे वाद्य वाजवणाऱ्यांना वेड लागते अशी बोलवा झाली आणि काचेतले शिसे बोटांतून अंगात जाते, असे स्पष्टीकरण मागाहून जोडले गेले. पण काचेच्या जाळ्यात बांधलेले शिसे ओल्या बोटाला फारच थोडे लागणार. फ्रँकलिन स्वतः ते वाजवीत असे. तो ८४ वर्षे जगला आणि शेवटपर्यंत तल्लख होता. गंमत म्हणजे शिशाच्या घातकतेविषयी त्या काळात ज्यांना सर्वांत जास्त माहिती होती त्यांपैकी तो एक होता. छापखान्यातील जुळाऱ्यांचे हात लुळे पडताना त्याने पाहिले होते आणि १७८६ मध्ये एका पत्रात ते सविस्तर लिहिले होते.

आपल्याकडेही गवयाला शेंदूर खाऊ घालून त्याचा गळा घालवल्याच्या कथा सांगतात. शेंदूर म्हणजे शिशाचेच एक ऑक्साइड. त्या कथांतील खरे-खोटे बाजूला ठेवले, तरी संगीतकाराचा शत्रू म्हणून लोकांनी नेमके शिसेच निवडावे हे लक्षात घेण्यासारखे आहे.

केसांची साक्ष

बीथोव्हेनला ऐकू येण्याचा त्रास पंचविशी उलटल्यावर सुरू झाला. ऑक्टोबर १८०२ मध्ये हायलिगेनश्टाट या खेड्यात त्याने भावांना उद्देशून जे लिहून ठेवले त्यात हे दुःख आहे. पोटाचे दुखणेही जन्माचे. जेवताना वाइन घेण्याची सवय होती. १८१८ पासून लोक त्याच्याशी वह्यांत लिहून बोलत. शवविच्छेदनात यकृत आक्रसलेले आढळले आणि श्रवणाच्या नसा बारीक झालेल्या.

बीथोव्हेनच्या मृत्यूनंतर दुसऱ्या दिवशी फर्डिनांड हिलर या पंधरा वर्षांच्या मुलाने कापली असे मानलेली केसांची एक बट १९९४ मध्ये लंडनच्या लिलावात विकली गेली आणि दोघा अमेरिकन चाहत्यांनी ती घेतली. २००० मध्ये तिची तपासणी झाली तेव्हा तिच्यात नेहमीपेक्षा कितीतरी पट शिसे सापडले. वर्तमानपत्रांतून, पुस्तकांतून गोष्ट जगभर गेली: बीथोव्हेनला शिशाने मारले. केस वाढतो महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर, आणि वाढताना रक्तातले धातू पकडून ठेवतो. त्यामुळे केस ही एक प्रकारची रोजनिशीच असते. पुरावा भक्कम वाटत होता.

२०२३ मध्ये केंब्रिजचे ट्रिस्टन बेग आणि त्यांचे सहकारी यांनी बीथोव्हेनच्या म्हणून जपलेल्या आठ बटांतील डीएनए तपासला. पाच बटा एकाच पुरुषाच्या निघाल्या आणि त्या बीथोव्हेनच्या असल्याचे मानायला चांगला आधार होता. हिलरची प्रसिद्ध बट मात्र एका स्त्रीची निघाली! तेवीस वर्षे जे शिसे बीथोव्हेनच्या नावावर जमा होते, ते कुणा अनोळखी बाईच्या अंगातले होते. खऱ्या बटांतील डीएनएने आणखी काही सांगितले: त्याला यकृताच्या रोगाचा आनुवंशिक धोका होता आणि शेवटच्या काळात हेपॅटायटिस बी या विषाणूचा संसर्गही झालेला होता.

मग खऱ्या केसांत काय होते? २०२४ मध्ये नादेर रिफाई आदींनी अस्सल ठरलेल्या दोन बटा तपासल्या. त्यांतील एकीची कथा मोठी मजेदार आहे. १८२६ मध्ये अंतोन हाल्म या पियानोवादकाने पत्नीसाठी बीथोव्हेनच्या केसांची बट मागितली. कोणीतरी थट्टेने बोकडाचे केस पाठवले. बीथोव्हेनला कळले तेव्हा तो संतापला आणि स्वतःचे केस कापून त्याने हाल्मला दिले. याच बटेत ग्रॅममागे ३८० मायक्रोग्रॅम शिसे निघाले, दुसरीत २५८. सर्वसाधारण माणसाच्या केसांत ते ४ पेक्षा कमी असते. यावरून रक्तातले प्रमाण डेसिलिटरमागे ७० मायक्रोग्रॅमच्या आसपास असावे असा अंदाज निघाला. अमेरिकेत २०२१ पासून लहान मुलांच्या रक्तात ३.५ मायक्रोग्रॅम शिसे आढळले तरी ते जास्त धरतात. म्हणजे २००० सालचा पुरावा खोटा होता आणि निष्कर्षाचा गाभा बरोबर निघाला. विज्ञानाच्या इतिहासात असे अधूनमधून होते, पण त्यामुळे खोटा पुरावा खरा ठरत नाही.

संशोधकांनी निष्कर्ष जपून काढला आहे. एवढे शिसे पोटाच्या, मूत्रपिंडाच्या आणि कानाच्या दुखण्याला हातभार लावू शकते. एकटे मृत्यूचे कारण होण्याइतके ते नाही. ते वाइनमधूनच आले असेही केसांवरून ठरत नाही. भांड्यांवरची झिलई, औषधे, नदीतले मासे हेही वाटेकरी असू शकतात. प्रतिभेचे काय? नववी सिंफनी मे १८२४ मध्ये सादर झाली. शेवटच्या तंतुवाद्य-चौकड्या १८२४ ते १८२६ या काळातल्या. जाणकार त्यांना त्याचे सर्वांत धाडसी काम मानतात. ज्या महिन्यांत त्याच्या केसांत शिसे साठत होते, त्याच महिन्यांत हे लिहिले जात होते. यावरून शिसे निर्मितीक्षमतेला बाधत नाही म्हणणे जितके चूक, तितकेच शिशानेच ती फुलवली म्हणणे चूक. एका माणसाचे दोन प्रकारे जगलेले आयुष्य आपल्याला पाहता येत नाही. शिसे नसलेला बीथोव्हेन कोणाजवळ आहे?

प्रयोगशाळेतली गोडी

शिशाच्या साखरेनंतरची साखरेवाचूनची गोडी अपघाताने आली, आणि एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा आली. १८७९ मध्ये बाल्टिमोरला आयरा रेमसेन यांच्या प्रयोगशाळेत कॉन्स्टँटिन फालबर्ग डांबरापासून निघणाऱ्या रसायनांवर काम करीत होता. जेवताना पोळीचा तुकडा गोड लागला. हात नीट धुतले नव्हते. ते सॅकरीन. १९३७ मध्ये इलिनॉय विद्यापीठात मायकेल स्वेडा याने प्रयोगाच्या टेबलावर टेकवलेली सिगारेट पुन्हा तोंडात धरली आणि ती गोड लागली. ते सायक्लामेट. डिसेंबर १९६५ मध्ये सर्ल कंपनीत जेम्स श्लॅटर अल्सरवरच्या औषधासाठी पेप्टाइडे बनवत होता. कागद उचलायला त्याने बोट जिभेला लावले. ते अ‍ॅस्पार्टेम. प्रयोगशाळेत खाऊ नये, बोटे चाटू नयेत, सिगारेट तर नकोच, हे नियम शिकवताना ही तीन उदाहरणे देणे थोडे अडचणीचे ठरते खरे.

डाएट पेय पहिल्याने रुग्णांसाठी निघाले. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात हायमन कर्श यांनी मधुमेहींसाठी सायक्लामेट घातलेले ‘नो-कॅल’ काढले. दहा-बारा वर्षांत मोठ्या कंपन्या उतरल्या आणि रुग्णांचे पेय सडपातळ राहू पाहणाऱ्यांचे झाले. १९६९ मध्ये उंदरांवरील प्रयोगांमुळे अमेरिकेत सायक्लामेट बंद झाले. १९७७ मध्ये सॅकरीनवर बंदीचा प्रस्ताव आला आणि लोकांच्या ओरडीमुळे बारगळला. १९८३ मध्ये अ‍ॅस्पार्टेमला तिथे शीतपेयांत परवानगी मिळाली.

किती लागते ते पाहू. साध्या कोलाच्या ३३० मिलिलिटरच्या डब्यात सुमारे ३५ ग्रॅम साखर असते. अ‍ॅस्पार्टेम साखरेच्या सुमारे २०० पट गोड, म्हणून डाएट डब्यात ते २०० ते ३०० मिलिग्रॅम पुरते. दोन्ही डबे न उघडता पाण्याच्या बादलीत सोडा. साखरेचा बहुधा बुडतो, डाएटचा तरंगतो. घनतेच्या धड्यासाठी हा प्रयोग फार चांगला आहे.

मेंदूचा प्रश्न

अ‍ॅस्पार्टेमविषयी मेंदूचा प्रश्न पहिल्या दिवसापासून आहे. १९७४ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने परवानगी दिली, तेव्हा सेंट लुइसचे मेंदूशास्त्रज्ञ जॉन ओल्नी यांनी हरकत घेतली. ग्लुटामेट नवजात उंदरांच्या मेंदूतील काही पेशी मारते हे त्यांनी १९६९ मध्ये दाखवले होते. अ‍ॅस्पार्टेममधील अ‍ॅस्पार्टिक आम्ल त्याच जातीचे. परवानगी थांबली. १९८० मध्ये नेमलेल्या चौकशी मंडळाने अशी मेंदूची इजा संभवत नाही असे म्हटले, पण उंदरांतील मेंदूच्या गाठींविषयी अधिक अभ्यास मागितला. १९८१ मध्ये नव्या आयुक्तांनी परवानगी दिली. वाद तिथे संपला नाही.

अ‍ॅस्पार्टेमचा दुसरा घटक फेनिलअ‍ॅलानिन हे अमिनो आम्ल. काही जणांच्या मेंदूला ते निश्चितपणे घातक असते. १९३४ मध्ये नॉर्वेत अस्ब्योर्न फोलिंग या डॉक्टराकडे एक आई आपली दोन मतिमंद मुले घेऊन आली. मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकल्यावर ती हिरवी झाली आणि त्यातून फेनिलकेटोन्युरिया हा आनुवंशिक रोग सापडला. या मुलांना फेनिलअ‍ॅलानिन पचवता येत नाही; ते साठते आणि वाढत्या मेंदूची हानी करते. अ‍ॅस्पार्टेम असलेल्या डब्यावर फेनिलकेटोन्युरियाच्या रुग्णांसाठी जो इशारा छापलेला असतो, तो यासाठी.

बाकीच्यांचे काय? १९८३ मध्ये एमआयटीचे रिचर्ड वुर्टमन यांनी एक विचार करण्याजोगा मुद्दा मांडला. रक्तातून मेंदूत शिरताना फेनिलअ‍ॅलानिन, ट्रिप्टोफॅन, टायरोसिन ही अमिनो आम्ले एकाच दारातून जातात. एकाची गर्दी झाली की दुसरे मागे पडते. ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन आणि टायरोसिनपासून डोपामिन होते. मनःस्थिती, उत्साह, हालचाल यांच्याशी या दोन्हींचा संबंध. संगीतकारांच्या संदर्भात डाएट पेयांविषयी जे बोलले जाते त्याच्या मुळाशी बहुतेक हाच तर्क असतो. पण एका डाएट डब्यातून मिळते १०० ते १५० मिलिग्रॅम फेनिलअ‍ॅलानिन. पेलाभर दुधातून सुमारे ४००. यावर उत्तर असे की दुधात बाकीची अमिनो आम्लेही असतात, त्यामुळे दारापाशी एकाचीच गर्दी होत नाही. दोन्ही बाजूंना तर्क आहे. निकाल मोजमापानेच लागणार.

मोजमापे झाली आहेत. २०१४ मध्ये नॉर्थ डाकोटा विद्यापीठात ग्लेंडा लिंडसेथ आणि सहकाऱ्यांनी २८ निरोगी तरुणांना आठ दिवस शरीराच्या किलोमागे २५ मिलिग्रॅम अ‍ॅस्पार्टेम असलेला आणि आठ दिवस १० मिलिग्रॅम असलेला आहार दिला. जास्त मात्रेच्या दिवसांत चिडचिड आणि उदासी वाढली, दिशा-अवकाशाच्या चाचणीत गुण कमी पडले. कार्यकारी स्मृतीत फरक दिसला नाही. साठ किलोच्या माणसाला किलोमागे २५ मिलिग्रॅम म्हणजे दिवसाला पाच-सात डबे. मान्य असलेल्या ४० मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा ते कमीच आहे, ही नोंद घेण्यासारखी गोष्ट.

याच्या उलट निकाल इंग्लंडमधील हल येथला. अ‍ॅस्पार्टेम आपल्याला बाधते असे ठामपणे सांगणाऱ्या माणसांना तिथे अ‍ॅस्पार्टेम असलेली आणि नसलेली वडी खायला दिली. कोणती कोणती हे खाणाऱ्यालाही माहीत नाही, देणाऱ्यालाही नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात दोन्हींत फरक आढळला नाही. मात्र ती एकच मात्रा होती, वर्षानुवर्षांची सवय नव्हे.

सवयीचे अभ्यास निराळ्या तऱ्हेचे असतात. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम गावच्या रहिवाशांवर २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रोज डाएट पेय पिणाऱ्यांत पक्षाघात आणि स्मृतिभ्रंश सुमारे तिप्पट आढळले. मथळे मोठे आले. प्रत्यक्षात दहा वर्षांत पक्षाघात झाले ९७ आणि स्मृतिभ्रंश ८१. शिवाय मधुमेह हिशेबात धरल्यावर स्मृतिभ्रंशाचा संबंध बराच सैल झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये ब्राझीलमधील १२,७७२ प्रौढांवरचा आठ वर्षांचा अभ्यास आला. कृत्रिम गोडी सर्वाधिक घेणाऱ्यांत विचारशक्तीची घसरण सर्वांत कमी घेणाऱ्यांपेक्षा ६२ टक्के वेगाने झालेली दिसली. मधुमेहींत हा संबंध अधिक ठळक होता.

उल्मच्या एका वैद्याला मठातील साधू पाहून उत्तर मिळाले. इथे हजारो माणसे पाहूनही ते हाती का लागत नाही? एक कारण परिणामाच्या आकाराचे. शिसे हात लुळे करते, तसे डाएट पेय करत नाही. दुसरे कारण तुलनेचे. मठात पिणारा आणि न पिणारा बाकी सर्व बाबतींत सारखे होते. फ्रेमिंगहॅममध्ये आणि ब्राझीलमध्ये तसे नाही. डाएट पेयाकडे वळतो कोण? ज्याचे वजन वाढले, ज्याला मधुमेहाची चाहूल लागली तो. त्या गोष्टी स्वतःच मेंदूच्या रक्तवाहिन्यांना वाईट. हिशेबात दुरुस्ती करता येते, पण ती ठाऊक असलेल्याच फरकांची. आम्हाला ब्राझीलचा अभ्यास सहज बाजूला सारण्याजोगा वाटत नाही. आणि तो अखेरचा शब्दही वाटत नाही.

संगीतकारांबाबत गुंता आणखी वाढतो, कारण या अभ्यासांत लोक संगीतकार म्हणून निवडलेले नव्हते. कार्यक्रम रात्री उशिरापर्यंत, जेवण अवेळी, प्रवास, जागरण. त्यात डाएट कोलाच्या डब्यात ४०-४५ मिलिग्रॅम कॅफीनही असते आणि त्यातले निम्मे उतरायला चार-पाच तास लागतात. मैफलीपूर्वी दोन डबे घेतलेल्या वादकाला पहाटे झोप लागली नाही आणि दुसऱ्या दिवशी काही सुचेनासे झाले, तर दोष गोडीचा, कॅफीनचा की जागरणाचा?

प्रयोग करायचाच तर मठासारखी जागा हवी. निवासी संगीतशाळा चालेल: एकच भोजनगृह, रियाजाच्या ठरलेल्या वेळा, साधारण एका वयाचे विद्यार्थी. अ‍ॅस्पार्टेम पेयातून न देता कॅप्सूलमधून द्यायचे, म्हणजे चवीवरून ओळखू येणार नाही. निम्म्यांना रिकामी कॅप्सूल, काही आठवड्यांनी अदलाबदल. लयीचा बारीक ढळ यंत्राने सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत मोजता येतो. नवी बंदिश किती आवर्तनांत पाठ झाली तेही मोजता येते. नवे सुचण्याचे मोजमाप मात्र यंत्राकडे सोपवता येत नाही. त्यासाठी प्रत्येकाचा एकाच रागातील दहा मिनिटांचा विस्तार ध्वनिमुद्रित करायचा आणि कोणी काय घेतले होते हे न सांगता तीन-चार जाणत्या गवयांना ऐकवून गुण द्यायला सांगायचे. आधी पाहायचे ते हे, की त्या गवयांचे आपापसांत तरी जमते का.